जावयाच्या गाडीतलं लाल तेल

गाडीतलं मला सगळं कळतं. फक्त ही गोष्ट अजून कुठल्या गाडीला कळलेली नाही.

शाळेशी माझं चौथीतच फाटलं. पुढं सगळा जन्म टेम्पोवर गेला. धायरी ते मार्केटयार्ड, मार्केटयार्ड ते धायरी. टेम्पो असा की गिअर टाकताना अर्धा रस्ता वळून बघायचा, कुणाचं काय मोडलं म्हणून. पोरगी मात्र नशीबवान. शनिवार पेठेतल्या माणसांत दिली. आता ती, जावईबापू, नातू आणि विहीणबाई कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतात. जावई कॉम्प्युटरवाले, बोलायला गोड. विहीणबाई पण गोडच, पण कारल्याच्या भाजीत गूळ घालतात तेवढ्याच.

जावईबापूंनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लचच नाही! मी पहिल्यांदा आत बसलो तेव्हा डाव्या पायानं खाली चाचपत राहिलो. जावईबापू वाकून म्हणाले, "बाबा, चप्पल हरवली का?"

पोरीनं आठवडाभर टुमणं लावलं, तेव्हा ते कबूल झाले. दसऱ्याला सगळे आमच्या घरी सोनं द्यायला येणार आणि कोथरूड ते धायरी गाडी मी चालवणार. झालं! मी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं. किराणावाल्याला म्हटलं, पायरीवरची पोती उचल, मला वळायला जागा लागेल. बायकोला म्हटलं, ओवाळायला दारात उभी राहा. ती म्हणाली, "गाडीला ओवाळीन. तुम्ही मधे येऊ नका."

विहीणबाईंना हे पसंत नव्हतं. "टेम्पो वेगळा आणि गाडी वेगळी," एवढंच म्हणाल्या. म्हणून मी खंडेनवमीलाच कोथरूडला मुक्कामाला गेलो. म्हटलं, गाडी नीट तपासून दाखवू, म्हणजे बाईंची खात्री पटेल.

खाली पार्किंगमध्ये गेलो तर गाडीची पूजा झालेली. बॉनेटवर हळदीकुंकू, पुढं झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबं. बॉनेट उघडलं. इंजिन ऑइलची पट्टी ओळखीची. पण मागच्या अंगाला आणखी एक पट्टी निघाली. ओढली तर लाल तेल! मला वाटलं, कुंकू आत झिरपलं की काय.

जावईबापू म्हणाले, "बाबा, ते गिअरचं तेल. ते इंजिन चालू ठेवून बघतात. गाडी गरम झाली पाहिजे, आणि ब्रेक दाबून दांडी सगळ्या गिअरांतून एकदा फिरवायची, मग बघायचं."

मी हसलो. "जावईबापू, चालू इंजिनात तेल बघायला तो काय चहा आहे, उतू जातोय का बघायला?"

विहीणबाई ताम्हन घेऊन शेजारीच उभ्या. "आणि आज चालू करायची नाहीच. खंडेनवमीला पूजेला लागलेलं हत्यार चालवत नाहीत. उद्या लिंबावरूनच निघेल."

हे आमच्याकडंही असंच. मी तर आदल्या दिवशीच पाने-पकडी पाटावर मांडून आलो होतो. झालं, बाई आणि मी पहिल्यांदा एका बाजूला! जावईबापूंनी हात जोडले आणि लिफ्टनं वर गेले.

मी बंद गाडीत पट्टी पुसली, घातली, काढली. तेल खुणेच्या वर. चांगलं बोटभर वर! मी म्हटलं, "बघा विहीणबाई. गॅरेजवाल्यानं ठासून भरलंय. जास्त तेल म्हणजे फेस होणार, गिअर जळणार. बरं झालं मी आलो."

"मग काढा," बाई म्हणाल्या.

वरून माशांच्या टाकीतली हवेची जादा नळी आणली. पट्टीच्या भोकात सोडली आणि टेम्पोतलं डिझेल काढायचो तसं तोंडानं ओढलं. आलं की! तेल बाटलीत जायच्या ऐवजी माझ्या तोंडात आलं. थूथू करत उभा राहिलो, ओठ लालभडक.

बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "जेवणाआधीच विडा खाल्लात?"

मग नातवाची नवी पिचकारी आणली, तिला नळी लावली आणि कोरड्या बाटलीत तेल उपसत बसलो. पट्टीवर तेल खुणेशी आलं. म्हटलं, थोडं आणखी काढू, चढाला हलकी चालेल. हे डोकं कुठल्या शास्त्रातलं, मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दसरा. बाई पैठणी नेसून पुढं बसल्या, पोरगी, नातू आणि जावई मागं. जावईबापूंनी दोन्ही हातांनी चावी दिली. मी स्टीअरिंगला नमस्कार केला, गाडी चालू केली, दांडी D वर ओढली आणि पाय दाबला.

इंजिन असं ओरडलं की शेजारच्या स्कूटरचा अलार्म लागला. गाडी मात्र लिंबाला टेकून उभी. आणखी दाबलं. आणखी ओरडली. गाडी जरा शहारली आणि परत टेकली.

बाईंनी काच खाली करून चाकाकडं वाकून बघितलं. "एवढ्या गाडीला लिंबू आवरेना?"

"आप्पा, बंद करा!" पोरगी मागून ओरडली.

जावईबापू उतरले. मी गुपचूप कालची तेलाची बाटली पुढं केली. सगळी गॅरेजं दसऱ्याला बंद, म्हणून मेकॅनिकला फोन लावला. तो पलीकडून बराच वेळ बोलला, मधे एकदा हसला पण. जावईबापूंनी फोन ठेवला आणि मला समजावलं. गाडी बंद असली की आत वर फिरणारं तेल सगळं खाली येऊन साचतं, म्हणून पट्टीवर जास्त दिसतं. चालू झाली की तेल वर कामाला जातं.

मला एकदम घर दिसलं. सगळे झोपलेले असताना माणसं मोजली तर घर गच्च भरलेलं दिसणारच. मी तशी मोजली आणि जास्त झाली म्हणून कामाची माणसं बाहेर काढून बाटलीत भरली.

बाटली होती ते नशीब. जावईबापूंनी इंजिन चालू ठेवलं, मी नरसाळं धरलं, थोडं थोडं तेल परत ओतलं. ते ब्रेक दाबून दांडी फिरवायचे, उतरून पट्टी पुसायचे, बघायचे. माझ्याकडून त्यांनी पट्टी दोनदा काढून घेतली, कारण मी ती पुसायला झब्बा वापरत होतो. नवा झब्बा. शेवटी तेल खुणांच्या मधे आलं. जावईबापूंनी दांडी D वर ओढली आणि गाडी लोण्यातून निघावी तशी पुढं गेली. लिंबू पचकन फुटलं. जावई उतरले आणि चावी हातात धरून माझ्याकडं बघत उभे राहिले.

आमच्या गल्लीतले सगळे दारात उभे असणार. पोती उचललेली असणार. मी हात पुढं केला आणि अगदी बारीक आवाजात म्हटलं, "सगळा रस्ता नको. निदान गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत तरी द्या."

जावईबापू विरघळले. चावी माझ्या हातापाशी आली पण. तेवढ्यात पुढच्या सीटवरून आवाज आला.

"अहो व्याही, तुम्ही मागं बसा. गल्लीत लोकांना हात दाखवायचा असेल तर खिडकीतून दाखवा, गाडीत तो कशालाही लावू नका."