लघवीत प्रोटीन, इतकंच

रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये तिला सगळे 'शंकासूर' म्हणत. डॉक्टरांनी फाईलवर जे निदान लिहिलं असेल, त्याला यादीतला नेमका कोड लावायचा, एवढंच तिचं काम. पण एकेका फाईलवर तिचा चहा गार व्हायचा. गंमत अशी, की घरी लेकीला साधी शिंक आली तरी हिच्या मनात सतरा आजार उभे राहत. कामावर मात्र डॉक्टरांनी लिहिला नाही तो आजार ती मेली तरी लिहायची नाही.

तिचे साहेब नेमके उलटे. 'तपासणीत दोष, निदान नाही' असा कोड पडला की संगणकावरची ओळ पिवळी होई; आजाराचा पडला की हिरवी. साहेबांना पिवळ्याचा भारी तिटकारा. महिनाअखेरच्या बैठकीत त्यांचा पडदा हिरवागार दिसे, वरिष्ठ माना डोलावत, आणि धडधाकट माणसं कागदोपत्री मूत्रपिंडं निकामी करून घेऊन घरी जात.

त्या दिवशी अग्निशमन दलात भरती होऊ पाहणाऱ्या एका मुलीची फाईल आली. शेरा एकच: लघवीत प्रोटीन.

साहेब मागून डोकावले. "मूत्रपिंडाचा आजार टाका. जवळचाच आहे."

"जवळचा म्हणजे? डॉक्टरांनी लिहिलाय कुठे?"

"मग प्रोटीन काय हौसेनं जातं का, ताई?"

"साहेब, भरतीवाले फाईल वाचत नाहीत, कोड वाचतात. पोरगी कायमची बाद होईल."

"आणि माझा पडदा पिवळा होईल, त्याचं काय?"

फाईल काखेत मारून तिनं तडक डॉक्टरांचं दार गाठलं. बाहेर रांग, आत डॉक्टर वैतागलेले.

"तुम्हाला काय लिहून हवंय?"

"मला काही नको. तुम्हाला काय वाटतं, ते हवंय."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "अहो, ही मुलगी धावण्याची चाचणी देऊन थेट इथे आली होती. जीव तोडून धावलं की जातं कधीकधी प्रोटीन. चार दिवसांनी पुन्हा तपासायचं, बस्स."

"मग हे फाईलवर का नाही?"

"मला ठाऊक होतं की!"

"मला नव्हतं ना, डॉक्टर."

त्यांनी मुकाट्यानं दोन ओळी लिहून सही ठोकली. तिनं नुसत्या प्रोटीनचाच कोड लावला. ओळ पिवळीधमक झाली, साहेबांचं तोंडही. भरतीवाल्यांनी निर्णय फेरतपासणीपर्यंत राखून ठेवला.

चार दिवस तिला घास गोड लागला नाही. न जाणो, खरंच काही निघालं तर? पाचव्या दिवशी रिपोर्ट आला: काही दोष नाही. मुलगी भरतीला पात्र ठरली.

साहेबांना काही हे पटेना. "अहो, पण मग तिला झालं काय होतं?"

"धावली होती."

साहेब खुर्ची ओढून बसले आणि दुपारभर यादीत धावण्याचा कोड शोधत राहिले.