बाहेरून लावलेलं कुलूप

दाराला बाहेरून साखळी चढल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या मानेवर विळा होता. विळा आमच्याच घरचा, खुंटीवरून काढलेला. साखळीपाठोपाठ कुलूप दाबल्याचा आवाज आला. घरात मी, आतल्या खोलीत कापसावर झोपलेली माझी नात, आणि दोन चोर. बाहेर माझी सून. तिने आम्हाला चोरांसकट कोंडलं होतं.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. वाटलं, ही बाई वेडी झाली. आता आमचं काही खरं नाही.

वेळ दुपारची. देवगाव फाट्यापासून आत आमचं गाव. कापूस वेचणीच्या दिवसांत गावात दुपारी माणूस दिसत नाही. मुलगा आणि सून रानात वेचणीला. माझे गुडघे गेलेले, म्हणून नातीला सांभाळत मी घरी. नात नुकती बोलायला लागलेली. तिला खाली अंथरलेल्या गोधडीवर झोप लागत नाही, कापसाच्या ढिगावर टाकली की लगेच झोपते. भाव वाढेल म्हणून आम्ही कापूस घरातच भरून ठेवतो. त्या वर्षी मागची खोली आढ्यापर्यंत भरली होती, ढीग मधल्या दारापर्यंत उतरत आलेला. मागचं दार त्या कापसाच्या आड गेलेलं. म्हणजे एवढ्या घराला जायला-यायला पुढचं एकच दार उरलं होतं. खिडकी आहे, पण तिला गज.

ते दोघं मोटारसायकलवर कापूस घेणारे म्हणून आले. असे लोक दरवर्षी दारोदार फिरतात. कापूस बघू दिल्याशिवाय भाव कोण सांगणार, म्हणून त्यांना घरात घ्यावंच लागतं. सगळं गाव घेतं.

"मावशी, कापूस हाय का?"

"हाय की. भाव काय लावायलाव?"

"आधी बघू तर द्या."

एक उंच होता, दुसरा बुटका. बुटक्याने तोंडाला रुमाल बांधलेला. धुळीचे दिवस, सगळेच बांधतात. उंच माणसाने ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"ओल हाय मावशी."

"ओल तुझ्या डोळ्यात हाय. अंगणात वाळवून भरलाय मी."

तो हसला. तेवढ्यात बुटक्याने दार ओढून घेतलं. उंच माणसाने विळा काढला आणि माझ्या मानेला लावला. संदुकीची किल्ली माझ्या कमरेला होती, ती बुटक्याने ओढून घेतली. संदुकीत माझी बोरमाळ आणि सुनेचं गंठण. दोन्ही त्याच्या खिशात गेलं. इथवर सगळं चोरीसारखंच चाललं होतं. ते निघून गेले असते आणि मी चार दिवस शिव्या देत बसले असते.

पण संदुकीवर वाकताना बुटक्याचा रुमाल सुटला आणि मी त्याला ओळखलं. फाट्यावर पंक्चर काढायचा. मुलाच्या गाडीमागे बसून जाताना कितीदा बघितलेला. मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला कधी लगाम नव्हता. मी म्हणाले, "तू तर फाट्यावरचा पंक्चरवाला."

त्याने रुमाल परत वर ओढला. उंच माणसाकडे बघून म्हणाला, "वळखलं हिनं."

उंच म्हणाला, "मंग हिला जित्ती कशाला ठिवायचं?"

तेव्हाच ती साखळी वाजली.

सून पोरीला खाऊ घालायला रानातून आली होती. हे मला नंतर कळलं. तिने लांबूनच बघितलं की दार ओढलेलं आहे. घरात माणूस असताना आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. दारात मोटारसायकल, तिचं तोंड रस्त्याकडे, चावी गाडीलाच. वजनकाटा नाही, पोती नाहीत. ती चप्पल काढून दारापाशी आली आणि फटीतून तिने सगळं ऐकलं, माझी अक्कलही ऐकली. दाराला नेहमी लटकवलेलं कुलूप होतं, किल्ली त्यालाच अडकवलेली. ते तिने लावलं. गाडीची चावी काढून घेतली.

दाराच्या दोन्ही फळ्या सागवानी. साखळी मात्र ढिली. लावली तरी मधे वीतभर फट राहते. कोंबड्या त्यातून ये-जा करतात. साखळी लहान करून घे म्हणून मी मुलाला वर्षभर सांगत होते, त्याला वेळ मिळत नव्हता.

बुटका दाराला धडका द्यायला लागला. सून बाहेरून म्हणाली, "दार मोडायचं न्हाई भाऊ. आवाजानं मानसं गोळा व्हतील."

भाऊ म्हणाली ती त्याला. आवाज असा, जसा भाजीवाल्याशी बोलावा.

उंच म्हणाला, "उघड. न्हाईतर म्हातारीला संपवतो."

"वळखलं म्हणून ना? मी बी वळखलं की. आता दोघींला मारावं लागल. अन् मी तर बाहेर हाय."

माझ्या मानेवरचा विळा जरा सैल झाला. मी म्हातारी असले तरी एवढं मला कळलं की बोलणं उंच माणसाच्या डोक्यात शिरलं. मला मारून त्याला आता काही मिळत नव्हतं.

मग त्याने खिशातून लायटर काढलं. विळा बुटक्याकडे दिला, मधल्या दारात गेला आणि लायटर पेटवून कापसाकडे धरलं. तिथून हातभर अंतरावर माझी नात पालथी झोपलेली. कापूस कसा पेटतो हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको.

"उघड, न्हाईतर लावतो."

मी देवाधर्माची फार नाही. विहारात जाते, वंदना म्हणते, एवढंच. पण त्या वेळी माझ्या तोंडातून वंदनासुद्धा निघाली नाही.

बाहेरून सून म्हणाली, "लाव. मागचं दार कापसाआड हाय. खिडकीला गज हायत. कुलपाची किल्ली माझ्या हातात हाय. पेटलं की तुमाला कुठून निघायचं ते आधी बघून घ्या."

बुटक्याने खिडकीकडे बघितलं. मग मागच्या खोलीत डोकावून आला. "खरंच दार न्हाई बे," असं उंच माणसाला म्हणाला. लायटर विझलं.

"आता ऐका," सून म्हणाली. "रानातून बायांचा टेम्पो निघायची येळ झालीय. तो यायच्या आत तुमाला जायचंय, मला बी तुमाला घालवायचंय. माझी लेक आधी बाहेर द्या."

"अन् तू पळून गेलीस तर?"

"सासू आत हाय की माझी."

बुटक्याने नातीला उचललं. ती अर्धवट झोपेत होती. त्याने तिला माझ्याकडे दिलं आणि मी दाराशी नेलं. उंच माणूस माझं लुगडं धरून मागे. त्या फटीतून ही पोरगी रोज आपली आपण निघायची, पण झोपेत तिचं अंग लाकडासारखं. डोकं तिरपं करून काढलं, खांदा अडकला, तोही निघाला. पलीकडून सुनेने ओढून घेतलं. पोरीने भोकाड पसरलं.

ते ऐकून रस्त्यावरून शेजारचा म्हातारा ओरडला, "काय गं, पोर का रडायलीय?"

आतमध्ये बुटक्याने माझ्या तोंडावर हात दाबला. मला वाटलं, आता सून सांगणार.

ती म्हणाली, "झोपमोड झालीय, बाबा. कापूस बघाया मानसं आलीत."

"भाव काय देयलेत?"

"ठरायलाय अजून."

म्हातारा निघून गेला. काठी टेकल्याचा आवाज लांब गेला तेव्हा बुटक्याने माझ्या तोंडावरचा हात काढला.

मग तिने पुढचं सांगितलं. विळा बाहेर टाका. लायटर बाहेर टाका. मी कुलूप काढीन, साखळी तशीच ठेवीन. फटीतून हात घालून साखळी तुमची तुमी काढा. गाडीची चावी समोरच्या बाभळीखाली ठेवलीय, ती घ्या आणि जा.

"विळा आमचाच हाय," ती म्हणाली, "तेवढा इथंच राहू द्या."

उंच माणसाने बुटक्याकडून विळा घेतला. तो फटीतून बाहेर टाकला, पाठोपाठ लायटर. मी तेव्हा म्हणाले, "अगं, बोरमाळ न्यायलेत."

"आत्या, गप बसा."

लग्न होऊन आल्यापासून ती मला असं कधी बोलली नव्हती. मी गप बसले.

कुलूप निघालं. तिची पावलं गोठ्याकडे पळाली. बुटक्याने हात बाहेर घालून साखळी काढली आणि दोघं बाभळीकडे धावले. मोटारसायकल चालू झाली, फाट्याकडे गेली. माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

सून गोठ्यातून आली. एका हातात पोर, एका हातात विळा. तिने आतून अडसर घातला, माझी मान बघितली, एक ओरखडा होता. त्यावर हळद लावली. पोरीला भाकरी कुस्करून दिली. मग म्हणाली, "आले मी," आणि घराच्या मागे जाऊन उलटी केली. हात-तोंड धुऊन आली आणि फोन लावायला बसली.

संध्याकाळी गाव जमलं. आधी घाबरलेले, मग हळूहळू शहाणे झाले. ज्याला जे सुचेल ते.

शेजारचा म्हातारा सगळ्यांत जास्त चिडला. "मी दारासमोरून गेलो. मला सांगितलं असतं तर दोघांला इथंच झोपवलं असतं."

मी म्हणाले, "तुमाला आधी दिसलं तर पाहिजे. दारावरचं कुलूप दिसलं न्हाई, चोर काय दिसतील."

लोक हसले. पण माझ्या मुलालाही तेच वाटत होतं. रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "कोंडलेच होते तर सोडले कशाला? अर्ध्या तासात सगळं गाव आलं असतं."

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "गाव आलं असतं तर ते घाबरले असते. घाबरलेल्या मानसाच्या हातात लायटर होतं. मला चोर धरायचे नव्हते."

"मग कोंडले कशाला?"

"आत्यानं त्याला वळखलं. तो म्हणाला, हिला जित्ती कशाला ठिवायचं. दार उघडं असतं तर त्यांला आत्याची गरज काय होती? मारून गेले असते. कुलूप लावलं तसं त्यांला माझी गरज लागली. अन् आत्या मेल्या असत्या तर मी कशाला उघडलं असतं?"

मुलगा जेवत राहिला. मी पण. पण मी भाकरी चावताना विचार करत होते की फटीतून ऐकायचं, ठरवायचं, कुलूप दाबायचं, यात तिला किती वेळ मिळाला असेल. उंच माणसाचं वाक्य संपेपर्यंत, एवढाच. तेवढ्यात तिने हे सगळं धरलं. मी तिच्या जागी असते तर ओरडले असते. गावातला कुठलाही माणूस ओरडला असता किंवा दार ढकलून आत घुसला असता. ही सून आमच्या घरी आली तेव्हा मी म्हणाले होते, लय कमी बोलते, घुमी आहे. तिच्यात काय आहे ते तेव्हा मला दिसलं नव्हतं. दिसायला काही घडलंही नव्हतं.

पोलिसांनी बुटक्याला पकडलं. माझ्या तोंडाचा तेवढा उपयोग झाला. मग उंचही सापडला. गंठण परत मिळालं. बोरमाळ वितळवलेली निघाली. माझ्या आईची होती ती. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्याबद्दल मी सुनेला एक शब्द बोलले नाही, आणि कोणी बोललं तर त्याला दारातून परत पाठवते.

आता आम्ही कापूस मागच्या दाराला टेकवून भरत नाही. माणूस निघेल एवढी वाट ठेवतो. कापूस बघायला आलेल्याला नमुना टोपलीत घालून ओट्यावर आणून दाखवतो. दागिने सेलूला बँकेत ठेवले. गावात दोन-तीन घरांनी कॅमेरे लावले, त्यांची त्यांना हौस. बायकांना मी एकच सांगते की चोर ओळखीचा निघाला तर ओळख दाखवू नका. त्या हसतात. म्हणतात, आधी तुम्ही शिका.

त्या दुपारी घरात आम्ही चौघं होतो, मी, माझी नात आणि ते दोघं. बाहेर सून. पाचही जण जिवंत राहिलो.