लशीच्या रांजणाला दिलेला रंग

सई, मिहिर — हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. जवळच्यांना जे सांगितलं नाही ते इतक्या दूर राहणाऱ्या तुम्हाला का सांगायचं, असं तुम्ही विचाराल. कदाचित दूर आहात म्हणूनच. वाचताना तुमचे चेहरे मला दिसणार नाहीत.

पण खरं कारण दुसरं आहे. मागच्या रविवारी सईचा फोन आला. बाळाला लस टोचून आणली, फार रडला नाही, म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "आजी, तू लशीच्या खात्यात होतीस ना? हा मोठा झाला की मी त्याला सांगणार आहे, तुझ्या पणजीनं वऱ्हाडातून देवीचा रोग घालवला." मी हसले. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि नीट लावलेली भांडी उतरवून पुन्हा लावली. त्या बाळाला माझ्याबद्दल खोटं सांगितलं जाणार — आणि मी ते हसून ऐकून घेतलं.

देवी तुम्ही पाहिलेली नाही. बरं झालं. ताप, अंगभर पाण्याचे फोड. मूल वाचलं तर चेहऱ्यावर खड्डे राहायचे, कधी डोळा जायचा. औषध नव्हतं. होती ती फक्त लस, रोग यायच्या आधी दंडावर टोचून घ्यायची.

मी तेव्हा विशीत होते. राज्य इंग्रजांचं, आपलं वऱ्हाड मध्यप्रांतात, आणि महायुद्धामुळे ऑफिसांतले कारकून लष्कराच्या नोकरीत गेलेले. मी इंटर झाले होते, इंग्रजी चांगलं होतं, अक्षर त्याहून चांगलं. अमरावतीला आरोग्य खात्यात लशीची खोली सांभाळायला माणूस मिळत नव्हता. हेल्थ ऑफिसर माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मी जाऊ लागले. खुर्चीत बाई बसते हे पाहायला पहिले काही दिवस लोक उगाच दारातून डोकावून जात.

लस नागपूरहून रेल्वेनं बडनेऱ्याला यायची, काचेच्या बारीक नळ्यांत. ती जिवंत असते आणि उष्णतेनं मरते, हे हेल्थ ऑफिसरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि मेलेली लस जिवंत लशीसारखीच दिसते, हेही.

एरवी टोचण्याचं काम थंडीत व्हायचं. पण त्या वर्षी होळी झाली आणि दर्यापूरकडून साथीची बातमी आली. उन्हाळा तोंडावर. बर्फ युद्धामुळे कधी यायचा, कधी नाही. म्हणून खोलीत एक मोठा रांजण ठेवला होता. रांजणात वाळू, वाळूत रुतवलेलं झाकणाचं मडकं, मडक्यात लस. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं. ते रांजणाच्या अंगातून पाझरायचं, वारा लागायचा, आणि मडकं गार राहायचं. साधी गोष्ट होती. आपल्याकडे पिण्याचं पाणी असंच तर गार करतात.

आता गुलाबराव. ते लस टोचणारे — खेड्यात त्यांना देवी डॉक्टर म्हणत. मोर्शीकडच्या माळ्याच्या घरातले, भावांची संत्र्यांची बाग, हे मात्र पायी आणि बैलगाडीनं गावोगाव हिंडायचे. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. बायका लेकरं पदराखाली लपवत होत्या. गुलाबराव ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काऊन भेतं वं माय? तुया लेकराले खाऊन नाही राहिलो मी." एक म्हातारी म्हणाली, "आमच्या वक्ती देवी आपल्या पायानं येत जाये. आता सरकारनं तिले नोकरीवर ठेवलं काय?" ते म्हणाले, "हो माय, अन् तिची बॅग मी उचलतो." बायका हसल्या आणि पदर सुटले. टोचताना ते मुलाची टाच डाव्या हातात धरून ठेवायचे. दंडाला टोचायचं तर टाच कशाला, मी विचारलं. तिथं धरलं की पोराला वाटतं कोणीतरी आहे, असं काहीतरी ते म्हणाले. तुमची आई लहान असताना मी तिची टाच धरायची, ते त्यांच्याकडून घेतलं.

मी मूळ गोष्टीकडे येत नाहीये, कळतं मला.

नागपूरहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. रजिस्टरं मी लखलखीत ठेवली होती, पण तो रांजण — हिरवट शेवाळ, वर पांढऱ्या क्षारांचे डाग, खाली सदा ओल. माझ्या खोलीत तो घाण दिसायचा. दवाखान्याची दारं रंगवून पांढरा ऑइलपेंट उरला होता. मी रांजण घासला, वाळवला, आणि त्याला रंगाचे दोन हात दिले. वर तांबड्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं — व्हॅक्सीन. किती सुंदर दिसला तो. साहेबांनी त्यावर छडी टेकवून माझं नाव विचारलं आणि हेल्थ ऑफिसरांना म्हणाले, जिल्ह्यातली ही एकच नीटनेटकी खोली आहे.

आमच्या घरी माठाला कोणी तेलकट हात लावला तर आई ओरडायची. छिद्रं बुजतात, पाणी गार होत नाही, हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मग? घरातला माठ तो माठ, आणि ऑफिसातला रांजण म्हणजे सामान — असंच काहीतरी माझ्या डोक्यात असावं. इतकं शिकून मला तेवढं जोडता आलं नाही.

पण ती चूक होती. चुकीबद्दल मी तुम्हाला लिहिलं नसतं.

काही दिवसांनी, भर दुपारी, मी रांजणाला सहज हात लावला. बाहेरून कोरडा, ठणठणीत. आत हात घातला. वाळू ओली होती — आणि कोमट. मडकं कोमट. त्याच मडक्यातल्या नळ्या घेऊन गुलाबराव दोन दिवसांपूर्वी दर्यापूरकडे गेले होते.

तार करता आली असती. हेल्थ ऑफिसर भिंतीपलीकडे बसले होते, उठून दार ढकलायचं होतं फक्त. मी काय केलं? मी स्वतःला सांगितलं, अजून जिवंत असेल, एवढ्यानं मरत नसेल. आणि शिपाई जेवायला गेला तेव्हा रांजण आडवा पाडला. फुटला म्हणून सांगितलं. कुंभाराकडून नवा आणवला. नव्या रांजणाला मी रंग दिला नाही. यावरून तुम्हाला कळेल की मला सगळं समजलं होतं.

लस टोचली की आठवड्याभरात फोड उठतो. खेड्यातल्या बायका त्याला देवीचं येणंच मानत. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, दहीभाताचा नैवेद्य. गुलाबराव फोड पाहायला त्या गावात पुन्हा गेले आणि तिथून सरळ माझ्याकडे आले. चप्पल दाराबाहेर काढून उभे राहिले.

"बाई, एकाही लेकराच्या दंडावर फोड नाही उठला. बाया दहीभात करून वाट पाहून राहिल्या."

आणि मी म्हणाले, "तुम्ही वाटेत उन्हात ठेवली असेल."

हेच ते. एवढंच वाक्य. मी ते शांतपणे म्हणाले, पेन हातात धरून. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले असते तर — पण ते विचार करू लागले. खरोखर आठवू लागले.

"असन बाई," ते म्हणाले. "वलगावच्या पुढं गाडीचं जू तुटलं होतं. बाभळीखाली थांबलो होतो मी. सावली पातळ होती."

ती पातळ सावली मी त्यांच्याकडून घेतली आणि ठेवून दिली.

हेल्थ ऑफिसरांनी चौकशी केली. उरलेल्या नळ्या नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवा, म्हणाले. पाठवल्या असत्या तर खोलीतलीच लस मेलेली होती हे तिथं कळलं असतं आणि गुलाबराव सुटले असते. मी सांगितलं, रांजण फुटला तेव्हा नळ्याही फुटल्या. फुटल्या नव्हत्या. त्या मी पायाखाली फोडल्या. मग त्यांनी विचारलं, इथून निघाली तेव्हा लस गार होती का? गार होती, असं मी इंग्रजीत उत्तर दिलं. इंग्रजीत का? गुलाबराव समोर उभे होते म्हणून.

त्यांना कामावरून काढलं. साहेबांनी वाखाणलेल्या खोलीवर कोणाला शंकाच आली नाही.

नवी लस घेऊन दुसरा माणूस जाईपर्यंत देवी त्या गावात पोचली होती. किती मुलं गेली? मला माहीत नाही. जिल्ह्याच्या मृत्यूंचे सगळे आकडे माझ्याकडे यायचे, रकाने मीच भरायची — त्या महिन्याचा दर्यापूरचा तक्ता मी दुसऱ्याला भरायला दिला. मला कळू नये याची मी काळजी घेतली. साथीत सापडलेलं फक्त एक मूल मला ठाऊक आहे, आणि तेही पुढे गुलाबरावांनीच सांगितलं म्हणून.

माझं लग्न झालं, मी अकोल्याला आले. तुमची आई झाली. तिला लस टोचली तेव्हा तो आठवडा मी नीट झोपले नाही. फोड उठला त्या दिवशी रडले. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, घाबरली.

त्याच आठवड्यात गुलाबराव आले. भावासोबत संत्री घेऊन अकोल्याच्या बाजारात आले होते, पत्ता विचारत घर शोधलं. धोतराच्या सोग्यात संत्री. त्यांनी तुमच्या आईची टाच धरली, दंड उजेडाकडे वळवून पाहिला.

"उठली बाई. चांगली टपोरी उठली." मग थोडं हसून म्हणाले, "माह्याच हाताले यश नव्हतं."

खोलीत आम्ही तिघंच होतो. सासूबाई देवळात गेल्या होत्या. कोणी ऐकलं नसतं, काही बिघडलं नसतं — नोकरी सुटली होती, साहेब मायदेशी गेले होते. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं, सांगू? मी विचारलं, चहा घेता ना?

चहा पिताना त्यांनी चंद्राचं सांगितलं. त्या गावातली, तेव्हा चार वर्षांची पोर. फोड डोळ्यात उतरला, उजवा डोळा गेला. आपल्यामुळे गेला, म्हणून संत्र्यांचा बहर तोडणीला आला की ते मोर्शीहून दर्यापूरकडे जातात आणि तिला संत्री देऊन येतात. तिला आंबट आवडत नाही, म्हणून पूर्ण पिकलेली निवडावी लागतात. हे सांगताना ते खुशीत होते. मी त्यांना दुसरा कप दिला.

बऱ्याच वर्षांनी ते गेले. भावाचं पोस्टकार्ड आलं.

मागच्या हिवाळ्यात मी जीपनं दर्यापूरला गेले. तुमच्या आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. चंद्राचं घर विचारून शोधलं. ती अंगणात पाटीभर शेवंतीच्या माळा करत बसली होती, केस पांढरे, डोळा मिटलेला. मी गुलाबरावांचं नाव काढलं. तिनं हातातली सुई थांबवली.

"लय चांगला मानूस," ती म्हणाली. "मी लगन होऊन इथं आली तरी संत्री आनून देत जाये. हाताले यश नव्हतं त्यायच्या, पन मानूस चांगला. तुमी त्यायच्या कोन?"

मी सांगायलाच गेले होते. जीपमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं, अगदी पाठ. आणि मी म्हणाले — ओळखीची.

तिनं मला फुलं दिली. पैसे घेतले नाहीत. मी ती फुलंही घेतली.

माझं वय झालं होतं, मी लहान होते, काळ तसा होता — यातलं काहीच लागू पडत नाही. तेव्हा विशीत होते, तर मागच्या हिवाळ्यात कोण होते?

बाळाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. गुलाबराव नाहीत. चंद्रा दर्यापूरला आहे, डाव्या डोळ्यानं तिला चांगलं दिसतं. आणि गुलाबरावांच्या हाताला यश नव्हतं, असं ती अजून सांगते.