चालत्या घराचा काटा

वजनकाट्याची चिठ्ठी वाचून मला फार आनंद झाला. माझ्या धंद्यात फार आनंद झाला की समजावं, काहीतरी चुकलंय.

मंचरला माझं टायरचं दुकान आहे. समोर उभे होते अवसरी बुद्रुकचे निवृत्त शिक्षक रंगनाथ गुरुजी. एका जुन्या मिनीबसच्या सीटा काढून त्यांनी आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी या चालत्या घरातून ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, कन्याकुमारीला निघणार होते. "पुढच्या सुट्टीत नेतो" हे काकू लग्नापासून ऐकत आल्या होत्या. आता टायरपायी अडलं तर मी एसटीनं एकटीच जाते, असं त्यांनी सकाळीच मला बजावलं होतं.

जुन्या टायरांची नक्षी अगदी नव्यासारखी होती. "लई चांगले हायेत की," गुरुजी म्हणाले. मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे बनल्याचा आठवडा, पुढचे दोन साल. टायर उभ्या जागीही म्हातारा होतो. हे नऊ वर्षांचे होते आणि बाजूंना बारीक चिरा पडल्या होत्या.

नवा टायर घेताना साइज तीच ठेवायची, पण लोड इंडेक्सही बघायचा. एक टायर किती ओझं पेलेल, ते हा नंबर सांगतो. म्हणून मी गुरुजींना म्हटलं होतं, प्रवासाचं सगळं भरा आणि कांदा बाजाराजवळच्या काट्यावर पुढच्या-मागच्या चाकांचं वेगवेगळं वजन करून आणा.

चिठ्ठीतलं वजन इतकं कमी, की दुकानातले साधे टायर सहज पुरले असते. मी जॅक लावायला सांगणार, तेवढ्यात रिक्षातून काकू उतरल्या. सोबत दोन पोती, गॅसची टाकी आणि लोणच्याची बरणी.

"काकू, हे कुठून?"

"काट्यावरनं. ह्यांनी सामान उतरवलं, राखणीला मला उतरवलं, आन् गेले की निघून."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठ, आजवर शेतातला कांदाच घातलाय काट्यावर. माणसं खाली, पाणी खाली, घरचं सामान खाली. वजन मालाचंच धरायचं. कुणाला फसवायचं न्हाई."

"म्हणजे पाण्याची टाकी?"

"ती बी रिकामी केली."

मला हसू आवरेना. "अहो गुरुजी, या गाडीत माल म्हणजे तुम्हीच."

टाकी भरली, सामान चढवलं आणि आम्ही तिघं परत काट्यावर गेलो. काटेवाला सवयीनं म्हणाला, "खाली उतरा." काकूंनी खिडकीतून डोकं काढलं. "भाऊ, आज आमी उतरत नाय. आमाला बी धरा." दोघं पलंगावर फोटोला बसल्यासारखे ताठ बसले.

नवी चिठ्ठी बघून माझं हसू गेलं. मागच्या चाकांवर साधे टायर घाटात फुटले असते. एका पोत्यात दगडी पाटा-वरवंटा निघाला.

"काकू, मिक्सर घ्या ना."

"मिक्सरची चटणी ह्यांना चालत न्हाई."

गुरुजींनी पोतं पुन्हा बांधलं. मी नारायणगावहून जास्त लोडचे टायर मागवले, त्यांची तारीख तपासली आणि संध्याकाळपर्यंत बसवून दिले. सकाळी ते निघाले.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. समुद्र पाहिला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टायर झ्याक हायेत. पोतंभर नारळ घेतलेत, चालतील का?"

"वजन करावं लागेल."

"काट्यावरच हाय. ह्यांना आत कोंडून ठेवलंय."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला वजन विचारत नाही. आधी त्याच्या बायकोला गाडीत बसवतो.