आतून उघडणारं दार

तुरुंगाच्या पाळणाघरातल्या बाईंना झाडून सगळे मावशी म्हणत. कैदी बायका, पहारेकरणी, अगदी अधीक्षक मॅडमसुद्धा. एकोणीस वर्षांत चाळीसेक मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. काही आईच्या शिक्षेबरोबर आत आलेली, काही आतच जन्मलेली. पाच वर्षं भरली की मूल बाहेर पाठवायचं, हा नियम.

चिमणी आतच जन्मली होती. तिची आई शिवणखात्यात शर्टांना काजं करायची. पोरीला पाच पुरी व्हायला चार महिने उरले, तेव्हा मावशी खेळण्यांची यादी करायला बसल्या. बाहेर मामा-मामी तिला नेणार होते आणि लगेच बालवाडीत घालणार होते. तिथं हात-डोकं चालायला हवं. ठोकळे, चित्रकोडी, जाड खडू, ओवायचे मणी, बाहुल्यांचं घर. शेवटी त्यांनी एक लाकडी फळी लिहिली. तिच्यावर कडी, खिटी, फिरवायची मूठ आणि किल्लीचं बारकं कुलूप.

“मणी नकोत,” यादी वाचता वाचता मॅडम म्हणाल्या. “दोरी आली त्यात.”

“वीतभर आहे, मॅडम.”

“दोरी ती दोरीच. आणि हे कुलूप? मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?”

“पोरीनं जन्मात एक दार उघडलेलं नाही. दारापाशी जाते नि उभी राहते. बालवाडीत संडासाचं दार कोण उघडून देणार तिला?”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट बाई नव्हती ती. “बाहेर गेली की शिकेल हो,” म्हणाल्या आणि दोन्ही ओळींवर काट मारली.

बाहुल्यांचं घर आलं. चिमणीनं पाचही बाहुल्या भिंतीला ओळीनं उभ्या केल्या, डोक्याला हात लावत मोजल्या, आत कोंबल्या आणि दार लावून बाहेर बसून राहिली.

“त्यांना अंगणात न्यायचं का गं?” मावशींनी विचारलं.

“शिट्टी कुठं झालीय अजून?”

खिडकीतली पहारेकरीण खो खो हसली.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी घरच्या मोडक्या स्टुलाची फळी काढली, तिच्यावर जुनी कडी आणि खिटी ठोकली आणि डब्याच्या पिशवीत तळाशी घालून आत आणली. दुपारी बाकीची मुलं निजली की दोघी फळी घेऊन बसायच्या. चिमणीची बोटं हुशार होती; दोन दिवसांत कडी सरकायला लागली. पण “उघड” म्हटल्याशिवाय ती हात लावायची नाही. तीन आठवड्यांनी एकदा मावशी दूध गाळत असताना मागे खट्ट आवाज झाला. पोरीनं आपणहून कडी काढली होती. आणि आता मार बसणार, अशा नजरेनं ती मावशींकडे बघत होती.

“शाब्बास,” मावशी म्हणाल्या.

चार दिवसांनी झडतीत फळी सापडली. आत धातू आणल्याचा ठपका आला आणि मावशींची धान्याच्या भांडारात बदली झाली. चिमणी गेली त्या सकाळी त्या पोती मोजून घेत होत्या. फाटकापाशी पोर रडली नाही, हात मागे बांधून मामीबरोबर गेली, असं पहारेकरणीनं सांगितलं.

दीड महिन्यानं सुट्टीच्या दिवशी मावशी मामीकडे गेल्या.

“पोर गुणी आहे,” मामी म्हणाली. “बालवाडीच्या बाई तर म्हणतात, असं शिस्तीचं मूल पाहिलं नाही. पण मावशी, ही शिकणार तरी कधी? परवा संडासाच्या दाराशी उभी राहिली ती राहिलीच. सगळं कपड्यात झालं. मुलं चिडवतात, आता जायचंच नाही म्हणते.”

चिमणी कोपऱ्यात बसली होती. तिनं मावशींना ओळखलं, पण जवळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी शिवणखात्यात खळीसाठी पीठ पोचवायचं निमित्त काढून मावशी आईला भेटल्या. तिनं मशीन थांबवलं नाही.

“रमली का?”

“रमली.”

“काय खेळते?”

“शेजारची एक मुलगी आहे. दोघी दिवसभर हुंदडतात. आत-बाहेर, आत-बाहेर. मामी कंटाळते.”

आई पहिल्यांदाच हसली. पुढचा शर्ट ओढून तिनं काज धरलं. मावशींनी रिकामी टोपली उचलली आणि पहारेकरीण दार उघडायला येईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.