गंगाकाकूंचा हात

नांदेडच्या दवाखान्यातून गंगाकाकूंना मुखेडला घरी आणलं, त्या सकाळी त्यांच्या लेकीचा, वैशालीचा फोन आला. रडत नव्हती, आवाज ताठ होता. “शमीममावशी, आई गेली... आन् इथं बायका तिच्या हातातल्या बांगड्या काढा म्हनून राहिल्यात. तू ये.” मी दुकान तसंच टाकून निघाले. सासऱ्यांच्या वेळेपासून बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. निम्म्या गावाची मनगटं मी डोळे मिटून ओळखेन, पण त्या दिवशी माझेच हात गार पडले होते.

कारण त्या बांगड्या मीच भरल्या होत्या. काकूंचे यजमान वारले तेव्हा भावकीतल्या बायकांनी त्यांचा चुडा फोडला. पुढं होत्या थोरल्या जाऊ, शांताकाकू. काही महिने काकू घराबाहेर दिसल्या नाहीत. मग एका बाजाराच्या दिवशी दुकान बायकांनी भरलेलं असताना त्या आल्या, स्टुलावर बसल्या आणि हात पुढं केला. “भर. हिरव्या.”

विधवेच्या हातात आमच्याकडे कुणी हिरवी बांगडी भरत नाही. भरली तर लग्नघरी बांगड्या भरायची बोलावणी बंद, आणि माझं पोट त्या बोलावण्यांवर. खरं सांगते, मला काकूंचा रागच आला. एवढं गाव सोडून माझंच दुकान सापडलं का? मी दार ओढायला उठले.

“उघडं राहू दे,” काकू म्हणाल्या. “चोरी करून राहिले का मी?”

कुणीतरी जाऊन सांगितलं असणार, तेवढ्यात शांताकाकू दारात. “ऊठ. घराची लाज काढतीस?”

काकू हलल्या नाहीत. “अक्का, पाळण्यात असताना माझ्या मायनं माझ्या हातात बांगड्या घातल्या. तवा तुमचा दीर कुठं व्हता? त्यांनी दिलं ते त्यांच्यासंगं गेलं. हे माझं हाय. तुम्ही फोडलं, तवा मला इचारलं बी न्हाई.”

मी त्यांचा हात हातात घेतला. तो इतका ताठ झाला होता की बांगडी चढेना. “सैल सोडा, काकू...” एकेक करत भरल्या. भरणारीला नमस्कार करायचा रिवाज, त्याप्रमाणे त्यांनी मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मला रडू आलं. “शमीम, आमच्या गल्लीत पाय ठेवू नको,” एवढं बोलून शांताकाकू गेल्या. त्या लग्नसराईत त्या गल्लीतून खरंच कुणी बोलावलं नाही. काकू मात्र दर बाजारी यायच्या. एखादी बांगडी पिचून वाढवली असेल तर भरून घ्यायच्या, नाहीतर नुसत्या बसायच्या. पुढं शांताकाकूंचेही यजमान गेले. त्यांनी स्वतःच हात पुढं केले म्हणे, फोडायला. ते ऐकून काकू दिवसभर जेवल्या नव्हत्या.

त्या सकाळी मी काकूंच्या घरी पोचले तेव्हा त्यांना लिंगायत रीतीनं भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर विभूती होती. एका म्हातारीनं त्यांचं मनगट धरलेलं, वैशालीनं त्या म्हातारीचं. सगळ्यांच्या नजरा शांताकाकूंकडे. घरात थोरल्या आता त्याच. त्यांनी पुढं होऊन म्हातारीचा हात बाजूला केला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आता तिला इचारता येनार हाय का?”

बांगड्यांसकट काकूंना माती दिली.

काकूंच्या मापाच्या हिरव्या बांगड्या अजून वरच्या खुंटीला आहेत, मला त्या विकवत नाहीत. स्टूलही मी कुणाला देत नाही, उगाच त्यावर पिशवी ठेवते. परवा बाजाराच्या दिवशी शांताकाकू आल्या. पिशवी उचलून खाली ठेवली, स्टुलावर बसल्या. हात पदराखालीच. दुकानात चार बायका होत्या, त्या बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं पदरातून हात बाहेर आला.

मी हळूच विचारलं, “दार लावू?”

“उघडं राहू दे,” शांताकाकू म्हणाल्या.