पाठीकडची गाठ

मी सावंतवाडीत शाळेत विज्ञान शिकवतो. कुणी भुताखेताचं, संकेताचं सांगू लागलं की मला हसू यायचं... हे लिहितोय ते कुणाला पटवायला नाही.

२००६ चा डिसेंबर. माझे बाबा समुद्रकाठच्या तोंडवलीचे, जन्मभर मासेमारीच्या होडीवर. त्यांना जठराचा कॅन्सर निघाला. गोव्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन ठरलं. आये, म्हणजे माझी आई, गावीच राहिली. तिला आम्ही फक्त ‘अल्सर’ एवढंच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं — ट्यूमरजवळ निळा रंग टोचायचा. तो ज्या लसिकाग्रंथींत उतरेल त्या गाठी काढून कॅन्सर पसरलाय का ते लगेच लॅबमध्ये तपासायचं. त्या साफ निघाल्या तर लांबच्या गाठींना हात लावायचा नाही. वयस्कर माणूस, तेवढाच त्रास कमी.

बाबा आत असताना माझा मोबाइल वाजला. आये होती.

"रे, तुझे बाबा आताच पडवेत येवन गेले."

"आये, बाबा हय टेबलावर आसत."

"ता माका ठावक आसा. पण इल्ले. म्हणाले, एक गाठ रवली, पाठीकडे. डॉक्टराक सांग." मग विचारलं, "कसली रे गाठ? जाळ्याची?"

गाठींबद्दल घरात कुणी बोललंच नव्हतं. थिएटरच्या दाराशी सिस्टर होत्या, त्यांना सांगितलं.

"असलं आत जाऊन सांगतात का हो?" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी डॉक्टर खुशीत बाहेर आले. निळ्या झालेल्या सगळ्या गाठी साफ होत्या. मी आयेचा फोन सांगितला तर हसले. "आईंना सांगा, गाठी शोधायला आम्ही आहोत."

पुढच्या पावसाळ्यात बाबांची पाठ धरली. स्कॅनमध्ये दिसलं... जठराच्या मागे, पार कण्याजवळ, वाढलेली एक गाठ. रंग तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"होतं असं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. त्या फोनची आठवण दिली तेव्हा रिपोर्टातून मान वर न करता म्हणाले, "योगायोग."

चतुर्थीच्या आधीच बाबा गेले.

बाराव्याचं जेवण उरकल्यावर आये पडवीत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बाबांनी माका कित्याक सांगल्यानी ता? मी काय करतलंय? सुरी डॉक्टराच्या हातात होती. तेच्या कानात सांगूचा होता."